लीलाबाईंनी सोडलेली जीप

गोंदिया शहरातील रस्त्यांवर अतिक्रमण झालेले असून आकाश तेवढे मोकळे आहे, ही बाब २०१२ साली संबंधित कक्षाच्या निदर्शनास आली आणि रोपवेचा प्रस्ताव तयार झाला. धूर नाही, गोंगाट नाही. गोरगरिबांचे पाळणे तळ्यांवरून बगळ्यांसारखे तरंगत बाजारात उतरतील, असे त्यात नमूद होते. फक्त एक रकाना रिकामा राहिला होता : लाभार्थी.

तो भरण्यासाठी सर्वेक्षण अधिकारी केशोराव शहराच्या कडेच्या वस्तीत आले, तेव्हा लीलाबाई टोपलीत शिंगाडे भरत होत्या. साठी उलटलेली, डावा गुडघा सुजलेला, आणि बाजार पाच किलोमीटरवर. वस्तीसाठी बस मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात आठ अर्ज लिहिले होते. साहेबांना पाहून त्यांना वाटले, आठवा फळला.

"सध्या कोणते वाहन वापरता?"

"पाय."

"पायांना रकाना नाही, बाई. पायी चालता म्हणजे तुमचा धूर शून्य. रोपवे विजेवर चालणार, म्हणजे शून्याहून थोडा अधिकच. तुम्हाला पाळण्यात बसवले, तर पर्यावरणाची हानी होते."

"मंग बस द्या ना."

"बस तर धूरच ओकते!"

"मंग धूर आनू कुठून, साहेब? चुलीचा चालते का?"

केशोरावांना दया आली. शासकीय दया नेहमी लेखी असते. त्यांनी लिहिले : 'स्वतःची डिझेल जीप, जुनी, अत्यंत धूर सोडणारी.' पाळण्याच्या आशेने लीलाबाईंनी खाली सही केली.

त्या दिवशी वस्तीत अशा साठ जिपा निघाल्या. वाचणाऱ्या धुराचा अंदाज इतका भव्य झाला, की प्रस्ताव एकाच बैठकीत मंजूर झाला.

पुढच्या महिन्यात रेशन दुकानदार गोवर्धनने लीलाबाईंचे पिवळे कार्ड परत सरकवले.

"आपके नाम पे चारचाकी चढी है, बाई. जीपवालीले सस्ता चावल कसा देऊ?"

"काऊन रे, तुले जीप दिसून राहिली का कुठं?"

"मेरे को तो कागजच दिखता है."

रोपवेचा पहिला खांब शिंगाड्यांच्या तळ्यात रोवला गेला. मोकळी जागा तीच होती. दोरी आली नाही. तळ्यातले शिंगाडे मात्र गेले, आणि लीलाबाई आता तीन किलोमीटर पलीकडच्या तळ्यावरून टोपली भरून, आठ किलोमीटर चालू लागल्या.

दोन वर्षांनी केशोराव मूल्यमापनाला आले. वस्तीत एकही जीप नव्हती; सारे पायी चालत होते. अहवालात त्यांनी लिहिले : 'साठही जीपधारकांनी स्वेच्छेने वाहनत्याग केला असून प्रकल्पाचे उद्दिष्ट दोरी बांधण्यापूर्वीच शंभर टक्के साध्य झाले आहे.'

वाहनत्यागाबद्दल लीलाबाईंचा सत्कार ठरला. त्यासाठीही त्या चालतच आल्या. खांद्यावर शाल पडताच त्या म्हणाल्या, "शाल ठेवा, साहेब. माझं कार्ड वापस द्या, नाई तं बस द्या."

केशोराव कानाशी कुजबुजले, "कार्ड दिले तर जीप नव्हतीच, असे होते. नव्हती, तर सोडली काय? मग हा सत्कार कशाचा?"

लीलाबाईंनी सुजलेला गुडघा चोळला. "मंग ती जीप तं द्या मले. गुडघा लई दुखून राहिला."

"ती तुम्ही सोडलीत ना, बाई!"

माईक चालू होता. सभागृह पोट धरून हसले, मग टाळ्या पडल्या. बाहेर मान्यवरांच्या गाड्या इंजिने सुरू ठेवून उभ्या होत्या. गाड्यांमधला गारवा टिकायला हवा होता.

आठही अर्ज एका ओळीत निकाली निघाले : 'नागरिकांत पायी चालण्याची गोडी निर्माण झाल्याने बसची आवश्यकता नाही.' वस्तीने वाचवलेला धूर शिल्लक पडू नये, म्हणून तो शहरातील वाहनधारकांना वापरण्याची मुभा देण्यात आली.

आज सकाळी कोपऱ्यावरून दूध आणायला आपण गाडी काढलीत ना? ती लीलाबाईंचीच.