दिनूकाकांची धुराची टोपी

दिनूकाकांच्या घरी गेलात तर आधी स्वतःचा कोपर हुंगावा लागतो. चहापाणी नंतर. "मास्तर, कोपर," असं ते म्हणाले की मी बाही वर करतो आणि उघड्या दारात, भर रस्त्याच्या समोर, आपल्याच कोपरात नाक खुपसून उभा राहतो. माझे विद्यार्थी सायकलवरून जाताना हे बघतात. आठवीला मी विज्ञान शिकवतो. त्या वर्गाच्या फळ्यावर मध्यंतरी कुणीतरी माझं चित्र काढलं होतं, त्यात मी कोपर चाटत होतो.

दिनूकाका म्हात्रे हे रामवाडीतले आमचे शेजारी. रोह्याच्या एका सुगंधी रसायनांच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं नाकाची नोकरी केली. साबणात, उदबत्तीत, तेलात घालायचे वास तिथे बनत. नवा माल तयार झाला की काका तो हुंगायचे, मग कपाटातली सीलबंद बाटली काढून ती हुंगायचे. त्या बाटलीला म्हणायचं 'स्टँडर्ड'. दोन्ही जुळले तर माल बाहेर, नाहीतर पिंपच्या पिंप अडकलं. "साहेब सही करायचा मास्तर, पण त्याच्या आधी माझं नाक सही करायचं," हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलंय. आणि दोन वासांच्या मध्ये कोपर. आपल्या अंगाचा वास घेतला की भटकलेलं नाक घरी येतं, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवघर बांधतात. काकांनी बार बांधला. म्हणजे त्याला कारण झाल्या शालिनीकाकू. काका संध्याकाळी हायवेवर जाऊन एक पेग मारून यायचे आणि तोंडात बडीशेप टाकून निरागस चेहऱ्याने घरात शिरायचे. वासावर एकतीस वर्षं पोट भरलेल्या माणसाला बडीशेपेवर एवढा विश्वास कसा, हे मला कळलेलं नाही. काकूंनी सरळ सांगितलं, "काय प्यायचं ते माझ्या डोळ्यांसमोर प्या." मग बैठकीच्या खोलीत सागवानी काउंटर आला, मागे आरसा आला, पुढे दोन उंच स्टुलं आली. काका आत बाकड्यावर बसून एक पेग घ्यायचे, काकू बाहेर स्टुलावर पाय हलवत कोकम सरबत प्यायच्या आणि दोघं गप्पा मारायचे. इतका शिस्तीचा बार जिल्ह्यात दुसरा नसेल.

साथीच्या दुसऱ्या वर्षी काकू गेल्या. आठवड्याभराच्या तापात. तेव्हापासून काकांनी पेग सोडला, पण बार सोडला नाही. रोज पाच वाजता ते काउंटरमागे बसतात आणि समोरच्या स्टुलापुढे कोकम सरबताचा ग्लास भरून ठेवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातूनच परत फिरलो. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

यंदाच्या मे महिन्यात या बारमध्ये धुराची तीन यंत्रं आली. ग्लासातल्या पेयाला धुराचा वास द्यायचा, ही शहरातली नवी चैन. काकांनी ती फोनवर पाहिली आणि तीन तऱ्हेची तीन मागवली. एक लाकडी टोपी, ती ग्लासावर बसते, तिच्या खळग्यात लाकडाचा भुगा घालून वरून गॅसची बत्ती लावायची, धूर खाली ग्लासात उतरतो. दुसरी धूर सोडायची बंदूक, तिला रबरी नळी. तिसरी काचेची पेटी, तिच्यात अख्खा ग्लास कोंडायचा. एकच ठेवायचं, बाकीची दहा दिवसांत परत करायची. आणि निवड करायला नाक कुणाचं? माझं.

"तुमचं नाक एवढं नावाजलेलं असताना माझं कशाला?" मी विचारलं.

"मी बनवणारा. बनवणाऱ्यानं आपला माल तपासायचा नाय. कंपनीचा नियम."

पहिले चार दिवस मी आंबा, जांभूळ, काजू आणि फणस या लाकडांच्या धुरातलं कोकम सरबत प्यालो. चुलीवर सरबत सांडलं तर जी चव येईल ती. काका पितच नव्हते. बत्ती लावायची, टोपी उचलायची, ग्लास माझ्यापुढे सरकवायचा आणि विचारायचं, "कसला वास?" मी काहीतरी सांगायचो. मग दुसरा प्रश्न, "कुठल्या बाजूनी?"

"कुठल्या बाजूनी म्हणजे? ग्लासातून."

"तसं नाय मास्तर. खोलीत कुठल्या बाजूनी येतो ते बोला."

मी म्हणायचो सगळीकडून. काका मान हलवायचे आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचे. मला वाटलं, कंपनीतली काहीतरी बारीक तपासणी असेल.

पाचव्या दिवशी पहिली विचित्र गोष्ट लक्षात आली. पंखा माझ्या डाव्या हाताला होता आणि चांगला जोरात होता. टोपी उचलली की धूर उजवीकडे उडायला हवा. तो उडत नव्हता. काउंटरवरून सरपटत काकांच्या अंगावर जात होता, त्यांच्या खांद्यापाशी रेंगाळत होता आणि मग आरशापुढे विरत होता. मी जागा बदलून पाहिली, पंखा वाढवून पाहिला. धूर आपला काकांच्या खांद्याशी.

दुसरी गोष्ट सरबताची. उठताना सहज नजर गेली तर काकूंच्या ग्लासातलं सरबत बोटभर उतरलं होतं. मी विज्ञान शिकवतो. मे महिन्यात पाण्याची वाफ होतेच. पण शेजारीच ठेवलेला माझा दुसरा ग्लास, ज्याला मी चार दिवसांच्या अनुभवानंतर हात लावत नव्हतो, तो काठोकाठ होता. घरी आल्यावर मी याबद्दल कुणाला काही बोललो नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, उकाडा फार आहे.

सहाव्या दिवशी कुरियरवाला भुग्याचं आणखी एक पाकीट घेऊन आला. दारातच थांबला आणि नाक वर करून म्हणाला, "काका, पोपटी लावली काय वो? आता मे महिन्यात?"

आमच्याकडची पोपटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरायचा, वर शेंगा, ओवा, खडं मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. त्या पाल्याचा वास एकदा कपड्यांत बसला की दोन धुण्यांत जात नाही. पण ते सगळं डिसेंबर-जानेवारीतलं. मे महिन्यात ना शेंगा, ना पाला. टोपीत त्या वेळी साधा आंब्याचा भुगा होता, मी स्वतः घातलेला.

काकांनी कुरियरवाल्याचा हात धरला. "कुठल्या बाजूनी येतो? बोल ना!" तो बिचारा घाबरून पाकीट टाकून निघून गेला, सही न घेता. आणि मग तो वास मलाही आला. पाला, ओवा, करपलेला पेंढा.

आठव्या दिवशी मी गेलो तर घर धुराने भरलेलं. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं. वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. आणि आमचे नाकवाले काका बाहेर काउंटरवर शांतपणे बंदुकीची नळी पुसत बसले होते.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"काका, तुम्हाला वास येत नाही."

त्यांनी नळी नीट गुंडाळून ठेवली. "नाय येत. त्या तापात नाक गेलं मास्तर. बुधवारी नाक गेलं, रविवारी ती गेली. कोणाला सांगायचं? एकतीस वर्षं नाकावर जगलो, लोक हसतील."

मग त्यांनी काउंटरखालून काचेची एक बरणी काढली. झाकणाभोवती मेण ओतलेलं. आत निळ्या चौकटीचं एक फडकं होतं. काकूंचं माहेर निडीचं, दर जानेवारीत तिथल्या शेतात त्या स्वतः पोपटी लावायच्या, डोक्याला हे फडकं बांधून. "मला बोलायची, तुमच्या कंपनीत नको नको ते वास बनतात, माझ्या पोपटीचा बनवून दाखवा. लय प्रयत्न केले. नाय जमला. म्हणून शेवटच्या पोपटीचं फडकं सील केलं. हे स्टँडर्ड."

"उघडलंय कधी?"

"उघडलं की उडतो ना वास. हे एकदाच उघडायचं, खात्री करायला. आणि मी उघडून उपयोग काय? मला काय समजणार?" ते बरणीवरून हात फिरवत राहिले. "साठवलेला भांबुर्ड्याचा पाला जाळून बघितला. लोक बोलले, गवत जळतंय. आणि नुसत्या आंब्याच्या भुग्यावर पोपटी येते. कशी येते? तुम्ही सायन्सचे. तुम्हीच सांगा."

मी जळलेलं पातेलं घासत बसलो.

दहाव्या दिवशी यंत्रं परत न्यायला सकाळीच माणूस यायचा होता, तो पाच वाजेपर्यंत आला नव्हता. वीजही गेली होती. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, खोलीत चिकट उकाडा. काकांनी स्वच्छ सदरा घातला होता. बरणी काउंटरच्या मधोमध. "आज शेवटचं," ते म्हणाले. "आज जुळला तर हाय, नायतर तिन्ही परत. मग मी पण उगाच कोणाला त्रास देणार नाय."

मी न सांगता कोपर हुंगला. काकांनी बत्ती लावली, आंब्याचा भुगा तडतडला, धूर ग्लासात उतरला. टोपी उचलली. वारा अजिबात नव्हता, तरी धूर उठला आणि काकांकडे निघाला.

वास आला. या वेळी नुसता पाला आणि ओवा नव्हता. त्याच्याखाली शिकेकाईने धुतलेल्या, अजून ओल्या केसांचा वास होता. इतका जवळचा, की कुणीतरी नुकतंच माझ्या बाजूने गेलं असावं. भुतंखेतं मी मानत नाही. पण त्या वेळी मला तिथून पळून जायचं होतं.

"आला?" काकांनी विचारलं.

"आला."

"स्टँडर्डशी जुळवा."

मी कोपर हुंगला. चाकूने मेण काढलं, झाकण फिरवलं आणि बरणीत नाक घातलं.

बरणीत काही नव्हतं. फडकं होतं, पण वास नव्हता. धुराचा नाही, जुन्या कापडाचा नाही, कसलाच नाही. मी पुन्हा हुंगलं. पावसाळ्यानंतर उघडलेल्या रिकाम्या डब्यालाही काहीतरी वास असतो, या बरणीला तेवढाही नव्हता. आत जे होतं ते कधीच बाहेर निघून गेलं होतं, झाकण आणि मेण जागच्या जागी ठेवून.

काका माझ्याकडे बघत होते. नापास होण्याची भीती मी रोज मुलांच्या चेहऱ्यावर बघतो. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ती मला बघवली नाही.

"जुळला," मी म्हणालो. "तंतोतंत."

बरणीबद्दल मी खोटं बोललो. पुढचं मात्र खोटं नव्हतं.

"कुठल्या बाजूनी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. डोळे समोरच्या स्टुलावर, भरलेल्या ग्लासावर. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं, आणि आता हेही कळलं की इतके दिवस यंत्राची तपासणी चाललीच नव्हती. ती आली का आणि कुठे बसली, एवढंच ते विचारत होते. मी डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे हुंगलं. स्टुलाकडे मान नेली. तिथे काहीच नव्हतं.

"तिथून नाही काका," मी म्हणालो. "तुमच्या मागून येतोय. अगदी खांद्यापासून."

काका वळले नाहीत. मला वाटलं, आरशात तरी बघतील. तेही नाही. मग हात लांब करून त्यांनी सरबताचा ग्लास स्टुलासमोरून उचलला आणि काउंटरच्या आतल्या बाजूला, आपल्या शेजारी ठेवला.

"बघा, आणि मी येडा रोज समोर बघत बसतो," ते म्हणाले.

आणि बाकड्यावर जरा सरकून त्यांनी जागा करून दिली.