गांगुर्डे सिस्टरांचा 'इतर' रकाना

गांगुर्डे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या ॲप्रनवर अकरा चिकटपट्ट्या होत्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. जखमेवर लावतात ती पांढरी पट्टी बोट-बोट फाडून चिकटवलेली आणि प्रत्येकीवर बॉलपेननं खाटेचा नंबर आणि पुढं काहीतरी लिहिलेलं: 'सातला ताप १०१', 'चारचं सलाईन साडेतीनला संपेल', 'नऊची सून येणार, गोड बोलणे'. काम झालं की सिस्टर पट्टी ओढून काढायच्या, तिची गोळी करायच्या आणि डब्यात टाकायच्या. घरी जाताना ॲप्रन कोरा झाला पाहिजे, हा त्यांचा नेम.

मी त्या पट्ट्यांचा कर्दनकाळ म्हणून आलो होतो. नाशिकमधल्या या दवाखान्याला आमच्या कंपनीनं सॉफ्टवेअर विकलं होतं आणि ते नर्सना शिकवायला मला पाठवलं होतं. मी इंजिनिअर. आयुष्यात कोणाचा ताप मोजलेला नाही. स्वतःला आला तरी आईला फोन करतो. पण 'नर्सिंगचं भविष्य' या विषयावर मी भर मे महिन्यात टाय बांधून पाऊण तास बोललो. आता कागद नाही, फाइल नाही, टॅबवर बोट ठेवलं की अख्खा पेशंट समोर! समोरच्या निम्म्या नर्स ड्युटी संपवून आल्या होत्या आणि डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, तल्लीन झाल्या आहेत.

"काही शंका?" असं विचारल्यावर गांगुर्डे सिस्टर उठल्या.

"भाऊ, रुसलेला पेशंट कुठं टाकायचा?"

"म्हणजे?"

"जेवणाच्या रकान्यात तुम्ही पूर्ण, अर्धं आणि नाही एवढंच दिलंय. भूक नाही म्हणून जेवला नाही ते निराळं, आणि लेक भेटायला आली नाही म्हणून जेवला नाही ते निराळं. एकाला औषध लागतं, दुसऱ्याला फोन. पुढच्या ड्युटीवालीला कसं कळायचं?"

फॉर्मच्या तळाशी 'इतर' नावाचा एक रकाना होता. तो प्रत्येक फॉर्मला असतो आणि कोणी भरू नये अशीच अपेक्षा असते. "इतरमध्ये टाका," मी ऐटीत म्हणालो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतानाही माझी ऐट जात नाही.

पंधरा दिवसांत सिस्टरांचा ॲप्रन स्वच्छ झाला. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मग एकदा वॉर्डातल्या नोंदी उघडल्या आणि पट्ट्या कुठं गेल्या ते समजलं.

'बेड सात. लासलगावचे आजोबा. कांद्याचा भाव विचारल्याशिवाय गोळी घेत नाहीत. भाव आधी विचारून ठेवावा. पडला असेल तर गोळी आधी, भाव नंतर.'

'बेड चार. मालेगावच्या आपा. पडदा ओढून मगच बीपी बघावं. पडद्याविना वीसनं जास्त येतं.'

'बेड अकरा. सुरगाण्याची ताई. सगळ्याला हो म्हणते, समजलेलं नसतं. सफाईच्या मावशी तिकडच्याच आहेत, त्यांना बोलवावं.'

मी हसत हसत हे आमच्या साहेबांना पाठवलं. साहेब हसले नाहीत. 'इतर'मधल्या मजकुराचा तक्ता होत नाही, आलेख निघत नाही, आणि ज्याचा आलेख निघत नाही ते आपण विकू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच शेपूट हलवलं आणि रकान्याला चाळीस अक्षरांची मर्यादा घातली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी एका पेशंटची नोंद सहा हप्त्यांत केली होती. प्रत्येक हप्त्याखाली 'पुढे चालू'.

मग साहेबांचा हुकूम आला: महिनाअखेरीला रकाना बंद.

हे सांगायला गेलो तेव्हा सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. एरवी माझी टिंगल करणाऱ्या बाईंनी सिरिंज खाली ठेवली. "भाऊ, बाकीचं सगळं काढा," त्या म्हणाल्या. "ताप तर मी हात लावून सांगेन. एवढं एक राहू द्या." मी नेहमीचं हत्यार काढलं, "वरून ऑर्डर आहे." त्यानंतर त्या रोज एकच विचारायच्या, "आली का दुसरी ऑर्डर?" मी दुसऱ्या जिन्यानं ये-जा करू लागलो.

महिना संपायला आठवडा उरला असताना मला एक घबाड सापडलं. गुरुवार हा सिस्टरांच्या सुट्टीचा दिवस. तरी दर गुरुवारी दुपारी चारला त्यांच्या नावानं टॅब उघडलेला दिसत होता. म्हणजे बाईंनी पासवर्ड सगळ्यांना वाटला! अख्खा वॉर्ड एकाच नावावर काम करतो, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. आता रकाना बंद करताना कोणी चूं करणार नाही, या आनंदात मी नोंदींचे कागद छापून घेतले आणि गुरुवारी चारला वॉर्डात धडकलो.

कोपऱ्यातल्या स्टुलावर सिस्टर स्वतःच बसल्या होत्या. अंगात साधी साडी, पायाशी भाजीची पिशवी, मांडीवर टॅब. आपल्या सुट्टीत बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचत होत्या.

"सुट्टीत घरी बसवत नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मिस्टर गेल्यापासून."

मी कागद पाठीमागे धरून उभा. त्यांना काय झालं होतं ते विचारलं.

"हार्टचं. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रापुढं उभं राहून डावा कान गेला होता त्यांचा. मुलगा त्यांना दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेला, मी इथं ड्युटीवर. तिथल्या पोरी चांगल्या होत्या हो, तासातासाला यायच्या. पण खाट भिंतीला लागून, म्हणून डावीकडूनच विचारायच्या, दुखतंय का? यांना ऐकू यायचं नाही. सवयीनं हसून मान हलवायचे, नाही म्हणून. फाइल नंतर वाचली मी. सगळं बरोबर लिहिलेलं. तीन दिवस, 'दुखणे नाही'. कानाचं मुलानं सांगितलं असेल असं मला वाटलं, आणि आई नर्स आहे, तिनं सांगितलं असेल असं त्याला वाटलं. कोणीच सांगितलं नव्हतं."

मला रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी 'अर्जंट कॉल आहे' असं सांगून पळालो. माझं शौर्य एवढंच.

त्या संध्याकाळी साहेबांना कळवलं की 'इतर' रकाना तांत्रिक अडचणीमुळे काढता येत नाही. ही थाप मी नोकरीत शेकडो वेळा मारली आहे, पण लाज वाटली नाही अशी ही पहिलीच वेळ. अक्षरांची मर्यादाही काढली. मग फॉर्ममध्ये अगदी वर, नावाच्याही आधी, एक नवा प्रश्न घातला: 'पेशंटशी कोणत्या बाजूनं बोलावं?' तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही.

शुक्रवारी सकाळी मी टॅब घेऊन सिस्टरांपुढे उभा राहिलो. खरं सांगतो, शाबासकी घ्यायलाच गेलो होतो.

त्यांनी तो प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. पदर नव्हता म्हणून ॲप्रनच्या टोकानं काच पुसली, काच स्वच्छच होती.

"चांगलं केलंत, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं उशीर केलात."

आणि नवा पेशंट आला होता, त्याच्या खाटेला वळसा घालून त्या दोन्ही बाजूंनी त्याला हाक मारून बघायला गेल्या.