कंपनीच्या वतीने आनंद

भवानीबाईंच्या मुलाला धावण्याचा आनंद होत नाही, ही बाब एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कंपनीच्या निदर्शनास आली. कंपनी मद्रासच्या शोळिंगनल्लूरला, नऊ मजली काचेच्या इमारतीत. आनंद न होणारे तिथे आणखी चारशे अकरा जण होते. पण पत्र विश्वेशच्या नावाने आलं, म्हणून काळजी पेरुंगुडीच्या या घरात पसरली.

पत्राची भाषा सौम्य होती. कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून चार दिवस स्वेच्छेने धावणे व त्याचा मनापासून आनंद घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी प्रत्येकास एक घड्याळ देण्यात आले आहे. घड्याळ नाडीवरून आनंद मोजते. आपला आनंद शंभरपैकी शून्य भरला असून, आपण आनंदी का नाही याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

"लिही ना," नंदिता म्हणाली. ती सून, नाशिकची, त्यामुळे बोलणं सरळ. "की मी अजून पलंगावरून उठलेलोच नाही."

"हसू नकोस," विश्वेश म्हणाला. "तीन महिने शून्य राहिलं तर आनंद-सुधार वर्गात घालतात. दर शनिवारी."

"अय्यो, शनिवारी?" भवानीबाईंनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. "ते घड्याळ मला दे, कण्णा. पहाटे मी पिल्लैयारच्या कोविलात, गणपतीला, जातेच की. माझ्यामुळे तुला चार पावलं मिळाली तर मिळाली."

असा तो निर्णय झाला. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. लेकाच्या नावाने नवस फेडणारी आई लेकाच्या नावाने चालली, तर बिघडलं कुठे?

भवानीबाई सदुसष्ट वर्षांच्या. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ. टेलिफोनच्या हापिसात चौतीस वर्षं नोकरी केलेली. धावण्याशी त्यांचा शेवटचा संबंध अकराव्या वर्षी आला होता. तंजावरच्या पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावरून, परकराचा ओचा मुठीत धरून, त्या शाळेतून घरापर्यंत एका दमात पळत यायच्या. एके दिवशी अप्पाजीकाकांनी ते पाहिलं. "रस्त्याने पळते ती सुटलेली गाय, नाहीतर चोर," काका म्हणाले. "तू यातली कोण?" उत्तर सुचलं नाही, म्हणून पळणं थांबलं. त्यानंतर छप्पन्न वर्षं त्या फक्त बसच्या मागे पळाल्या, आणि त्याला मद्रासमध्ये कुणी पळणं म्हणत नाही.

तिसऱ्या पहाटे मनगटावरचं घड्याळ थरथरलं. काचेवर अक्षरं उमटली : वेग वाढवा. चौतीस वर्षांत भवानीबाईंनी लेखी आदेश कधी मोडला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावल्या. तिथे खांबाला मिठी मारून उभ्या राहिल्या. काळीज कानात वाजत होतं. पण ना गाय झाल्या, ना चोर. दारात कोलमची रांगोळी काढणाऱ्या बाईने मानसुद्धा वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खांब. आठवड्याने दोन खांब. मग एक गोष्ट त्यांना आपली आपणच कळली. दम लागतो तो धावण्याने नाही, घाईने लागतो. तेव्हापासून त्या धावता धावता मारुतीचं स्तोत्र मोठ्याने म्हणू लागल्या. ओळ मध्ये तुटली तर वेग जास्त. न तुटता आली तर बरोबर. नंदिताने आपले जुने कॅनव्हासचे बूट दिले. जूनपर्यंत भवानीबाई घरांची रांग मागे टाकून दलदलीच्या कडेपर्यंत जाऊ लागल्या. तिथे पहाटे पाण्यातून एकदम चाळीस-पन्नास पाणकावळे उठतात. पूर्वी इथे सगळी भातशेतीच होती आणि बस दिवसातून दोनदा यायची, हे आठवायला आता त्या रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्या एका तासात त्यांना कुणी हाक मारत नसे. कुणाचा डबा नाही, कुणाची गोळी नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. परतताना त्या उगाच हसत असत. घड्याळ तेही टिपून घेत असे.

जुलैत कंपनीकडून विश्वेशला पुष्पगुच्छ आला. सोबत निवृत्तीनंतरच्या आयुष्याची माहितीपत्रिका होती.

"घड्याळाने तुझं शारीरिक वय काढलंय," नंदिताने पत्र वाचून दाखवलं. "सदुसष्ट."

"मी चौतीसचा आहे!"

"दिसतं ना तसं. पुढे ऐक. तीन महिन्यांत ते एकसष्टवर आलंय."

खरी पंचाईत इथून सुरू झाली. कंपनीतल्या बाकीच्यांचं शारीरिक वय पस्तिसाचं पस्तीसच राहिलं होतं. म्हणजे प्रगती शून्य. विश्वेश मात्र सहा वर्षांनी तरुण झाला होता. शिवाय त्याचा आनंद भरला होता शंभरपैकी एक्क्याण्णव. व्यवस्थापनाने त्याची 'धावण्याचा आनंददूत' या पदावर नेमणूक केली, आणि त्याच्या आनंदाचा अभ्यास करण्यासाठी हरिप्रिया नावाच्या आनंद-व्यवस्थापिकेच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती बसवली.

समितीने त्याला बोलावून आलेख समोर ठेवला.

"पाच चाळीसला तुम्ही थांबता आणि अकरा वेळा खालीवर होता. हे काय?" हरिप्रियाने विचारलं. "आणि सहा वाजून दहा मिनिटांनी तर कमालच आहे. पाय हलत नाहीत, पण नाडी एकशेचाळीस. सहा मिनिटं. आणि आनंद सगळ्यात जास्त तिथेच! तिथे नेमकं काय करता, सर?"

"जरा व्यक्तिगत आहे," विश्वेश म्हणाला. "उद्या सांगतो."

घरी येऊन त्याने आईला विचारलं.

"पिल्लैयारपुढे कान धरून उठाबशा काढते. अकरा. सगळेच काढतात. तू नाही काढत ते सोड."

"आणि सहा दहाला?"

"तिथे अलमेलूची कीरैची, पालेभाजीची गाडी असते. भांडते."

"रोज?"

"ती रोज जून पाला देते, मी रोज भांडते."

दुसऱ्या दिवशी विश्वेशने समितीला सांगितलं, की मध्यंतरी तो विनम्र बैठका घेतो, आणि शेवटी मोठ्याने बोलून मन मोकळं करतो. समितीने ते उतरवून घेतलं. पंधरा दिवसांत 'विश्वेश पद्धती'चं परिपत्रक निघालं. कलम एक : सर्वांनी याच मार्गाने, याच वेळी धावावे. कलम दोन : नियत स्थळी हातांची फुली करून उजव्या हाताने डावा व डाव्या हाताने उजवा कान धरून अकरा बैठका घ्याव्यात. कलम तीन : सहा वाजून दहा मिनिटांनी जोडीदारासमोर उभे राहून सहा मिनिटे ओरडावे. विषयाचे बंधन नाही.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी भवानीबाई दलदलीकडच्या वळणावर आल्या, तेव्हा रस्ता पोपटी बनियनांनी भरलेला होता. पिल्लैयारपुढे मागे पडलेले शंभर-सव्वाशे संगणक अभियंते कान धरून उठत-बसत होते. पुजाऱ्याने आतून दार लावून घेतलं होतं. पुढे कीरैच्या गाडीभोवती तितकेच जण समोरासमोर उभे राहून एकमेकांवर ओरडत होते, आणि मध्ये अलमेलू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मामी!" तिने लांबूनच हाक मारली. "हे कोण वो सगळे? गाडीपुढे उभं राहून भांडतात, आणि एक जुडी घेत नाहीत. घ्यायचं नसेल तर भांडायचं कशाला?"

भवानीबाई उत्तर देणार, तेवढ्यात हातात भोंगा घेतलेली एक मुलगी समोर आली. ती हरिप्रिया.

"पाट्टी, आजी, जरा कडेला व्हा. इथे धावणं चालू आहे."

"मी पण धावतेच आहे, मा."

हरिप्रियाने त्यांना नऊवारीपासून कॅनव्हासच्या बुटांपर्यंत न्याहाळलं. "तुमची नोंदणी? साठीच्या वर असाल तर डॉक्टरचा दाखला, घरच्यांची संमती आणि आनंददूतांची शिफारस लागते. तोपर्यंत घरी बसा, पाट्टी. तुमच्याच सुरक्षेसाठी सांगते."

शिफारस करणारा आनंददूत सात पावलांवर होता. अकरापैकी चौथ्या बैठकीत तो खाली बसला होता आणि वर येऊ शकत नव्हता. त्याने आईचा चेहरा पाहिला. तंजावरच्या रस्त्यावर त्या दिवशी तो चेहरा कसा दिसला असेल, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण काहीतरी कळलं असावं. तो जमिनीला हात टेकून उठला.

"हरिप्रिया, ही माझी अम्मा. आणि तो आलेख हिचा आहे. सगळाच. मी आयुष्यात आज पहिल्यांदा धावलोय."

हरिप्रियाने भोंगा खाली केला आणि आपल्या फोनवर बराच वेळ काही तपासलं.

"शक्य नाही, सर," ती शेवटी म्हणाली. "तुमचं आनंदी असणं मंजूर झालेलं आहे. ते आता रद्द करायचं, तर चारशे बारा जणांचा तिमाही आनंद पुन्हा जाहीर करावा लागेल. तुमचा कबुलीजबाब मी ऐकला, पण घेऊ शकत नाही."

"मग अम्माचं काय?"

हरिप्रिया उगाच बढती पावलेली नव्हती. अमेरिकेतल्या लोकांची कामं इथे बसून करून देणं, हाच त्या कंपनीचा धंदा. जे काम आपल्याला जमत नाही, ते ज्याला जमतं त्याच्याकडून करून घ्यावं, हे तिथे शिपायालाही समजत होतं. संध्याकाळी ती भवानीबाईंच्या घरी आली, ती घड्याळांचा खोका घेऊनच.

"पाट्टी, तुम्ही धावाच," ती म्हणाली. "आमच्या सगळ्यांच्या वतीने. सुरुवातीला चाळीस घड्याळं. रस्ता पूर्ण मोकळा ठेवू."

रस्ता मोकळा मिळतो म्हणून भवानीबाई हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत वीस-वीस घड्याळं बांधून निघाल्या. खांबाखांबावर चाळीसही एकदम थरथरत. एक म्हणे वेग वाढवा, दुसरं म्हणे पाणी प्या, तिसऱ्याला त्यांच्या झोपेविषयी शंका. स्तोत्र तिसऱ्या ओळीत तुटलं. पाणकावळे उठले, पण भवानीबाई तेव्हा मनगटाकडे बघत होत्या. शनिवारी त्यांच्या नावाने पत्र आलं. आनंद शंभरपैकी बावीसवर घसरला असून, आपण आनंदी का नाही याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी कागद-पेन घेतलं. 'महोदय' लिहिलं. मग पेन खाली ठेवलं, खोका उचलला आणि तडक अलमेलूची गाडी गाठली.

"मामी, हे काय? बांगड्या?"

"तसंच समज. हातात घाल, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी जसं बोलतेस तसंच बोल."

"एवढंच? ते तर मी देवाच्या दयेने करतेच."

अलमेलूचा आनंद शहाण्णव भरला. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तो एकदाही नव्वदच्या खाली आला नाही. वर्षअखेर कंपनीला सर्वाधिक आनंदी धावपटूंची संस्था म्हणून गौरवण्यात आलं. विश्वेशने व्यासपीठावर गुडघ्याला पट्टा बांधून मार्गदर्शन केलं. पद्धत सिद्ध झाल्यामुळे प्रत्यक्ष धावण्याची गरज उरली नाही, आणि पोपटी बनियन रस्त्यावरून दिसेनासे झाले.

भवानीबाई रोज जातात. मनगट मोकळं असतं. रस्त्यात कुणी ना कुणी अडवून विचारतंच : कोणत्या गटात आहात? कशासाठी तयारी करताय? कोणतं घड्याळ वापरता? काही नाही, असं त्या सांगतात, तेव्हा विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तर काळजीने विचारलं, "मग आपण धावलो हे तुम्हाला कळतं कसं?"

त्या गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही. आपण हे सगळं निवांत बसून वाचलंत, भवानीबाईंचं आपल्याला कौतुकही वाटलं. पण मघापासून आपल्या मनात एक प्रश्न घुटमळतो आहे. सदुसष्टाव्या वर्षी या बाई नेमक्या किती किलोमीटर धावतात, आणि किती मिनिटांत? तो आकडा कळला असता, तर त्यांचं किती कौतुक करायचं ते ठरवायला आपल्याला सोपं गेलं असतं.