बोटाचो इचार

आमचे शेजारी तात्या एटीएमशी भांडतात. बँकेशी नाही, यंत्राशी. मालवणच्या बाजारात मागे रांग खोळंबलेली, आणि तात्या त्या बटणांवरून बोट फिरवत विचारतात, "हयसर बोटाचो इचार कोणी केल्यान?"

मागचा म्हणतो, "तात्यानू, पैसे काढा आणि वाटेक लागा."

तात्या वळून त्यालाच समजावतात, "अरे, बटाण सपाट. वल्या हातान दाबशीत तर बोट घसारतला. तुका राग येणा नाय?" त्याला राग आलेला असतोच, पण बटणाचा नाही.

हा प्रश्न कोणाला चुकलेला नाही. माझ्या मिक्सरला झाला, माझ्या नवऱ्याच्या मोबाइललाही झाला. "ह्येका खांदेच नाय गो, धरतलंस खंय?" पाहुण्यांच्या दोन खोल्या चालवते मी. त्यांच्या न्हाणीघरांत हौसेने चकचकीत नळ बसवले. तात्यांनी साबणाच्या हाताने एक फिरवून पाहिला, फिरला नाही. मग महिनाभर, आजाऱ्याची चौकशी करावी तसे विचारायचे, "नळ कशे आसत आता?" अस्सा संताप व्हायचा माझा.

या वेडाचं मूळ त्यांच्या खिडकीखालच्या टेबलावर आहे. तात्या जन्मभर कचेरीत टायपिस्ट. संगणक आले, जुनी मशिनं भंगारात निघाली, तेव्हा आपलं मशीन तात्यांनी सोडवून आणलं. आमच्या मसुऱ्याच्या एस.टी.त शेजारच्या सीटवर बसवलं आणि त्याचं पूर्ण तिकीट काढलं. कंडक्टर म्हणाला, "ह्येका खिडकी व्हयी काय?" तात्या म्हणाले, "नको, धूळ जातली."

त्या टाइपरायटरजवळ चहाचा कप न्यायची आमची प्राज्ञा नव्हती. पोलादी अंग, गोल कोपरे, शेवाळी रंग. "उजेड पडलो तरी डोळ्यात चमाकणा नाय बग. बटणात खळगो आसा, बोट बसान घेता." आणि डावीकडचा दांडा म्हणजे तात्यांचा जीव की प्राण. ओळ संपली की गाडा परत ढकलायचा तो दांडा, जरासा वाकलेला. "ह्येका धरूचा लागणा नाय. तळव्याची कड लावली की झाला." मशीन कोणी घडवलं ते तात्यांना ठाऊक नाही. "तेना माका कधी बगल्यान नाय, तरी माज्या बोटाचो इचार केल्यान," हे म्हणताना मात्र ते दांड्यावरून तळवा फिरवायचे.

त्यांची बायको, आमची सुमतीकाकी, हसायची. "लग्नात माका म्हणाले, तुजे हात बरे आसत. माका वाटला, कौतुक करतत."

ते हात दोन वर्षांपूर्वी संधिवाताने धरले. बोटं वाकडी झाली, चिमूट जुळेना. तात्यांनी कपाला जाड कान केला, पळीला लाकडी मूठ बसवली. पण पुढच्या दाराचा आतला बोल्ट काकीला सरकेना. वांदरांचा उपद्रव, दार उघडं टाकायची सोय नाही. तात्या बाजारात गेले की बाहेरून कडी. मी जाऊन काढली तर काकीला ते आवडायचं नाही. एकदा खिडकीतून म्हणाली, "जल्मभर ह्या दार मी लोकांका उघडलंय गो. आता माज्याच घरात मी कोंडलेली."

गेल्या महिन्यात माझ्याकडे उतरलेला एक पाहुणा जुन्या यंत्रांचा शौकीन निघाला. मी त्याला मिरवत तात्यांकडे घेऊन गेले. बाहेरची कडी नव्हती. मी हाक मारली, आत खट्‌ झालं आणि दारात काकी उभी. एकटीच. "येवा," म्हणाली. चेहरा नुसता फुललेला.

पाहुणा थेट मशीनकडे गेला. वाकून बघत म्हणाला, "अहो, याचा दांडा कुठाय?"

मी बघितलं तर दांड्याच्या जागी नुसतं भोक. एवढ्यात दार वाजलं.

"रव, मी उघडतंय," म्हणत काकी सावकाश दाराशी गेली. बोल्टाला तो दांडा जोडलेला होता. तिने तळव्याची कड लावली, जरा ढकललं. खट्‌.

तात्या आत आले, आम्हाला पाहून ओशाळले. "वांदरा खूप झाली ह्या वर्सा," म्हणाले.

पाहुणा हळहळला. "पण मशीन निकामी झालं की हो."

"तेना बोटाचो इचार केल्यान," तात्या म्हणाले. "खंयच्या बोटाचो, ता खंय सांगल्यान?"

मी पदराने डोळे टिपले, लपवायचं काय त्यात. तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "मीठ रवला." लगेच बाहेर पडून त्यांनी दार ओढून घेतलं.

काकीने बोल्ट सरकवला. "दिसभर ह्याच चल्ला हा," ती मला म्हणाली. "कायतरी इसारतत, भायर जातत आणि दार वाजवतत."

मीठ पिशवीत वरच होतं. काकीने ते पाहिलं होतं. दांड्याला तळवा लावून ती दाराशीच उभी राहिली.