स्वल्प थांब, लिहितोय

विश्वेश्वर अण्णांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं आणि लगेच त्यांना कळवण्यात आलं की ते चुकलं आहे.

अक्षर होतं एच. एच म्हणजे होसकोटे, आजोबांचं गाव. पुढे आर येणार होता, म्हणजे वडील रामचंद्र. आणि मग विश्वेश्वर. शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळीकडे एच. आर. विश्वेश्वर हेच नाव होतं आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. आता मात्र टॅबवरच्या चौकटीखाली लाल अक्षरं उमटली होती. ‘नाव अपुरे आहे.’

“अगं, सुरू तरी करू दे,” अण्णा पडद्याला म्हणाले.

त्यांनी एचपुढे टिंब दिलं. ‘नावात टिंब चालत नाही.’ त्यांनी टिंब पुसलं. ‘नाव अपुरे आहे.’ अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लाल अक्षरं तशीच होती, फक्त जास्त स्पष्ट दिसायला लागली.

फॉर्म होता बेंगळुरूच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाचा. सण ज्याच्या त्याच्या घरी आणि त्यानंतरच्या रविवारी मंडळाची पंगत, ही जुनी रीत. दरवर्षी मंडळाचे जुने कार्यकर्ते बिंदुमाधव घरोघरी फोन करून विचारायचे, कितीजण येणार. पण अलीकडे पुण्यानागपूरहून नोकरीला आलेली मंडळी इतकी वाढली होती की बिंदुमाधवांचा घसा बसायचा. म्हणून यंदा फॉर्म निघाला, आणि तो केला होता अण्णांच्या सुनेनं.

सून पुण्याची. सिद्धी ढमढेरे. कार्तिकशी लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. एका मोठ्या कंपनीत ती हेच काम करायची: फॉर्म भरताना माणसाला लिहिता लिहिताच मदत कशी करावी. मंडळाच्या बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं होतं, “फॉर्म मुका नको. सगळं भरून झाल्यावर चूक दाखवली की माणूस वैतागतो. आपला फॉर्म लिहिता लिहिता सांगेल. शेजारी बसल्यासारखा.” नव्यांनी टाळ्या वाजवल्या. जुन्यांनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेल्यांनी, अण्णांकडे पाहिलं. अण्णांची मान अभिमानानं डोलत होती, म्हणून मग त्यांनीही वाजवल्या.

आजवर जुने आणि नवे कधी एका पंगतीत बसले नव्हते. जुने पहिल्या पंगतीला, नवे उशिरा उठून दुसरीला. यंदा सगळ्यांची एकच पंगत, असं सिद्धीनं ठरवलं होतं. ते जमलं तर ती या घरची. नाही जमलं तर जन्मभर ‘ती पुण्याची’.

अण्णा बराच वेळ टॅबसमोर बसून होते. आतून विमलाबाईंनी विचारलं, “झालं का हो?”

“नाव घेईना.”

“कुणाचं?”

“माझं. तुझं नंतर बघू.”

विमलाबाई हात पुसत आल्या. “आडनाव मागतंय की हो हे. आपल्याला कुठलं आडनाव?”

“तेच तर सांगतोय तिला. ऐकून घेत नाही.”

तेवढ्यात येलहंक्याहून कमलाअक्कांचा फोन आला. कमलाअक्का म्हणजे वाय. एस. कमला, मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष, आणि कुठल्याही कचेरीत अडलेलं काम कसं सुटतं हे जाणणाऱ्या.

“विमला, फॉर्म भरलास काय?”

“आडनावापाशी अडलंय ग अक्का.”

“मला सापडलं की. वायएस लिहिलं, लाल. येलहंका लिहिलं तर चाललं असतं, पण माझी बोटं घसरली. मग बेंगळुरू लिहिलं. लगेच हिरवं. ‘वा, छान’ म्हणालं. तूही बेंगळुरू लिही, संपलं.”

विमलाबाईंनी बेंगळुरू लिहिलं आणि त्यांनाही ‘वा, छान’ मिळालं. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघराबाहेरच्या कामाला त्यांना कुणी वा म्हटलेलं नव्हतं. त्या खूष झाल्या. कमलाअक्कांनी तोवर पुढचा फोन लावला होता. बिंदुमाधवांनी बेंगळुरू लिहिलं. त्यांच्या व्याह्यांनी लिहिलं. संध्याकाळपर्यंत मंडळातली सगळी जुनी कुटुंबं बेंगळुरू या आडनावाखाली एकत्र आली.

एकट्या अण्णांनी लिहिलं नाही. “स्वतःचं नाव मी विचारून लिहू काय?” असं म्हणून त्यांनी टॅब पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धी ऑफिसात दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात सँडविच खात होती, तेव्हा आचारी प्राणेश यांचा फोन आला.

“मॅडम, पानं किती सांगायची? केळीची पानं उद्या सांगितलीच पाहिजेत.”

सिद्धीनं यादी उघडली. कुलकर्णी, वानखेडे, देशमुख, भोयर अशी नव्यांची नावं ठीक होती. त्याखाली मात्र बेंगळुरू, बेंगळुरू, बेंगळुरू अशी रांगच लागली होती. कमला बेंगळुरू. मथुरा बेंगळुरू. विमला बेंगळुरू. एक नुसताच राव बेंगळुरू. ती हसली. कॉलेजातली कुणीतरी टवाळ पोरं. असे प्रकार ती रोज बघायची. तिनं सगळी बेंगळुरू मंडळी एका फटक्यात निवडली आणि काढून टाकली. मग शांतपणे प्राणेशना आकडा सांगितला.

“इतकेच?” प्राणेश म्हणाले. “सरी, ठीक. यंदा बरं आहे, आटोपशीर.”

काढून टाकलेल्या प्रत्येकाला फॉर्म आपणहून निरोप पाठवतो, हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. निरोपही तिनंच लिहिलेला होता, हलकाफुलका: ‘अरेरे, तुमची नोंद रद्द झाली. पुन्हा प्रयत्न करा.’ खाली एक पिवळा चेहरा दात काढून हसत होता.

संध्याकाळी ती घरी आली तर दारातच कार्तिक उभा. “आत जाताना चपला हळू काढ,” तो म्हणाला. “आईला रद्द केलंयस.”

“काय?”

“कमलाअक्कांनाही. बिंदुमाधवकाकांनाही. त्यांना तर तो हसणारा चेहरा फार लागलाय. ते म्हणताहेत, चाळीस वर्षं लोकांना बोलावलं, आणि मला दात दाखवून हाकललं.”

आत विमलाबाई फोनवर होत्या. पलीकडून कमलाअक्कांचा आवाज बैठकीच्या खोलीत ऐकू येत होता. “नको, विमला, तू मध्ये पडू नको. मला रद्द केलं, ठीक. पण बायकांनी आता ठरवलंय, आम्ही कुणीच येणार नाही. नव्यांचं नव्यांना होऊ दे. आम्ही घरी चित्रान्न करून खाऊ.”

सिद्धी कार्तिककडे वळली. “ते... ते खरे लोक होते?”

“तुला काय वाटलं?”

“सगळ्यांचं आडनाव बेंगळुरू कसं असेल, कार्तिक?”

“कारण आमच्यात आडनावच नसतं.”

“नसतं म्हणजे? तुम्हाला एच आर आहे ना?”

“ते गाव आणि आजोबा.”

“मला तीन महिने वाटत होतं आडनाव आहे, फक्त कुणी सांगत नाही.” ती रडवेली झाली. “मग तू फॉर्ममध्ये काय लिहिलंस?”

“मी व्ही कार्तिक लिहिलं. लाल झालं. सोडून दिलं. म्हटलं, बायकोनंच केलंय, मला कोण उपाशी ठेवेल?”

सिद्धीनं इकडेतिकडे पाहिलं. “अण्णा कुठे आहेत?”

अण्णा गॅलरीत होते, पाठमोरे. टॅब पुन्हा सरळ होऊन त्यांच्या मांडीवर होता. एका बोटानं, टाईपरायटर शिकलेल्या माणसाच्या जोरानं, ते काहीतरी लिहीत होते. सिद्धी माफी मागायला पुढे झाली आणि त्यांच्या खांद्यामागेच थांबली.

त्यांनी एच लिहिलं. लाल. ते थांबले नाहीत. नावाच्याच चौकटीत, इंग्रजी अक्षरांतून मराठी, पुढे लिहीत राहिले. ‘सिद्धी, स्वल्प थांब, लिहितोय.’ फॉर्म म्हणाला, ‘नाव फार मोठे आहे.’ अण्णांनी सुस्कारा टाकला, सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘बाळ, तू दमली असशील. जेवलीस काय?’

‘नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.’

“अण्णा,” सिद्धी हळूच म्हणाली, “हे कुणाला लिहिताय?”

अण्णा दचकून वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग टॅबकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “तुला. पण तू इथे आहेस तर पलीकडे कोण बसलंय?”

“पलीकडे कुणी नाहीये. ते आपोआप येतं.”

“आपोआप?” अण्णांना हे पटेना. “एक अक्षर टाकलं की चूक काढतंय. मशीन एवढं उतावळं असतं होय? म्हटलं माणूसच असणार. तूच बसली असशील, कामाच्या घाईत. कालपासून तुला समजावतोय.”

“कालपासून?”

“कुणासमोर म्हटलं नाही. घरातली गोष्ट.”

सिद्धीनं टॅबकडे पाहिलं. आपल्या फॉर्मनं या माणसाच्या नावाला दोन दिवस नावं ठेवली होती आणि तो तिला जेवलीस काय विचारत होता. तिनं खुर्ची ओढली. “अण्णा, पुन्हा भरा ना. मी काही बोलणार नाही. नुसती बघते.”

अण्णांनी भरलं. ती नुसती बघत राहिली. ऑफिसात अशा शेकडो फॉर्मांचे आलेख तिनं पाहिले होते. बोट कुठे अडतं, भुवया कुठे चढतात, हे मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. लाल अक्षरं आली की अण्णा चोरट्यासारखे मागे वळून बघायचे, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मग तिनं लॅपटॉप आणला आणि तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, बदलायला घेतलं. नावाच्या तीन चौकटींची एक झाली: ‘तुमचं नाव, तुम्ही लिहिता तसं.’ टिंबं चालू. अक्षरांची मोजणी बंद. माणूस लिहीत असेपर्यंत फॉर्मनं गप्प बसायचं. फोन नंबरात एखादा आकडा राहिलाच, तर पूर्ण लिहून बोट उचलल्यावर हळूच सांगायचं.

अण्णांनी लिहिलं. एच, टिंब, आर, टिंब. फॉर्म गप्प. विश्वेश्वर. फॉर्म गप्प. त्यांनी बोट उचललं. मग खाली साधी काळी अक्षरं आली: ‘मिळालं. पंगतीला वाट पाहतो.’

“हं,” अण्णा म्हणाले. “आता शिकलेलं वाटतंय.”

कमलाअक्कांना मात्र फॉर्म पुरला नाही. सिद्धीनं त्यांना स्वतः फोन केला, मग बिंदुमाधवांना, मग बाकीच्यांना. प्रत्येकाला आधी सांगितलं की तो हसणारा चेहरा चुकून राहिला. कमलाअक्का शेवटी म्हणाल्या, “येते. पण माझं आडनाव बेंगळुरूच राहू दे ग. मला आवडलंय.” प्राणेशना नवा आकडा कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, “मॅडम, एकदाच विचारतो. हे लोक नक्की आहेत ना?”

रविवारी हॉलमध्ये एकच लांब पंगत मांडली. वानखेड्यांच्या शेजारी मथुराबाई, भोयरांच्या शेजारी बिंदुमाधव. वाढायचा मान दरवर्षीप्रमाणे अण्णांचा, आणि यंदा त्यांनी सोबत सुनेला घेतलं. पदर खोचून सिद्धीनं मीठ, पायस, कोसंबरीच्या वाट्यांचं तबक उचललं आणि आधी मीठ घेतलं.

“अंहं,” मागून अण्णा म्हणाले. “तिथे नको. डाव्या कोपऱ्यात.”

तिनं डाव्या कोपऱ्यात वाढलं.

“जास्त होतंय.”

तिनं चिमूट आखडली.

“कमी पडेल. आणि आधी पायस टेकवायचं उजवीकडे, मग हे. कोसंबरी इकडे. अगं, चमचा असा नको धरू. पान बघ, पानाचं टोक कुठे आहे ते...”

अजून पहिलंच पान होतं. पानावर बसलेल्या कमलाअक्का मान वर करून दोघांकडे बघत होत्या. सिद्धी वाकलेली तशीच थांबली. मग मान वळवून अगदी हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, स्वल्प थांबा. वाढतेय.”

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी, मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“लाल झालं की विमला,” कमलाअक्का म्हणाल्या.

अण्णांनी तोंड मिटलं. हात मागे बांधले. सिद्धी एकेक पान वाढत पुढे गेली आणि ते दोन पावलं मागून चालत राहिले. तिनं तीन ठिकाणी मीठ उजवीकडे वाढलं, ते गप्प. भोयरांच्या पानावर कोसंबरी सांडली. त्यांनी खोल श्वास घेतला आणि छताकडे पाहिलं. शेवटचं पान वाढून ती सरळ झाली, तबक कमरेला लावलं आणि वळली.

अण्णा पंगतीच्या सुरुवातीपासून सावकाश चालत आले, एकेक पान निरखत. तिच्यापर्यंत पोहोचल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“मिळालं,” ते म्हणाले. “आता भात घे.”