वामनदादांचा राहिलेला कोपरा

आमचे सुरतेतल्या कोसाडचे शेजारी वामनदादा खिचडी खाण्याआधी तिचा नकाशा काढतात. ताटात चमच्याने उभ्या रेघा, दोन्ही टोकांना वळायला जागा. मग पलीकडून एकेक पट्टा संपवत शेवटचा घास दाराकडच्या काठावर. "आधी निघायचं कुठून ते ठरव, मग शीर," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

दादा धुळ्याकडून सुरतेत आले ते कापडाचे लूम चालवायला. आता पलसाण्याच्या बाजूला भातलावणीचं यंत्र चालवतात. मी मागे बसून यंत्राला चटईसारखी वाढवलेली रोपं पुरवतो. शेत दिसलं की दादा आधी बांधावरून पावलं मोजणार, फेऱ्या ठरवणार. रिकामी फेरी म्हणजे पाप!

गेल्या वर्षी हौसेने मी मार्ग आखला. काठाने गोल गोल लावत गेलो आणि यंत्रासकट ऐन मध्यावर अडकलो. चहूकडे कोवळी रोपं! ती तुडवतच बाहेर आलो. दादा एवढंच म्हणाले, "उतर, अभिमन्यू."

त्यांच्या शास्त्रात खोट एकच. दर शेतात बांधालगतचा एक कोपरा राहायचा. "यंत्राला जमत नाही," म्हणायचे. मग डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, मंगलावहिनी, पदर खोचून तो हाताने लावायच्या. त्यांची हयात लावणीच्या मजुरीत गेली. आता कंबर दिवसभर वाकू देत नाही. पण तेवढा कोपरा झाला की ऐटीत म्हणायच्या, "मन्हाबिगर यासनं वावर पुरं व्हस नही!"

यंदा दादा मालकाशी बोलायला गेले, तेवढ्यात मी यंत्रावर चढलो. मागेपुढे करत तो कोपराही लावून टाकला. अब्रू परत मिळाली! वहिनी येताच ओरडलो, "बघा, वीतभरही उरलं नाही!"

वहिनींनी खोचलेला पदर सोडला. "बरं झालं," म्हणाल्या आणि डबा मांडीवर घेऊन बांधावर बसल्या.

दादा आले. कोपरा पाहिला, वहिनींकडे पाहिलं. यंत्रावर चढले, लावणी बंद ठेवली आणि चाकं सरळ त्या कोपऱ्यात घातली. गेले, वळले, पुन्हा गेले. रोपं चिखलात आडवी.

"अंदाज चुकला ब्वा वळताना," माझ्यावर डोळे वटारत ते म्हणाले.

"इतला वरीस व्हयनात, तुमले आजून वळावाले येस नही!" वहिनी करवादल्या आणि पदर खोचून चिखलात उतरल्या.

दादांनी डबा उघडला. रेघा नाहीत, पट्टे नाहीत. खिचडी हाताला लागेल तिथून खात राहिले. डोळे कोपऱ्याकडे होते.