बॉबरला कुणी हात लावायचा नाही!

"दिवाळीआधीच्या रविवारी आरेमध्ये सगळ्यात झकास बॉबर कुणाची असेल, ते आत्ताच ऐकून ठेवा! माझी! आणि ती मी घरी बनवणार. एकट्याने!"

दिपेशने मालाडच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये टेबलावर अशी मूठ आपटली, की समोरच्याचा चहा कपाबाहेर आला. राग यायला कारणही तसंच होतं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ओजसने गॅरेजवाल्याकडून आपल्या मोटरसायकलची बॉबर बनवून घेतली होती आणि तसल्याच गाडीवाल्यांबरोबर तो रविवारी आरे कॉलनीच्या झाडीतल्या रस्त्यांवर फिरायला जायचा. दिपेशने "मी पण येऊ का रे?" विचारलं, तर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ये ना यार! पण माझ्या गाडीला मागची सीट नाही. तू बसने ये!" अख्खी कँटीन हसली. आता त्या रविवारी स्वतःच्या बॉबरवर बसून आरेत शिरलो नाही, तर या ऑफिसात तोंड दाखवायचं नाही, असं दिपेशने ठरवून टाकलं.

गाडी होतीच. वेसाव्याच्या कोळीवाड्यात, घरामागच्या अंगणात, ताडपत्रीखाली त्याच्या बाबांची जुनी मोटरसायकल कधीची पडून होती. खाऱ्या वाऱ्याने तिची अशी दशा केली होती, की तिचा मूळ रंग कोणता यावरून घरात भांडणं व्हायची. सीटखाली मांजर व्यायली होती.

"बॉबर म्हंजे रे काय?" त्याच्या आईने, सरूबाईने, मासळीची पाटी उतरवत विचारलं.

"नको ते सगळं काढून टाकायचं, आई. मागची सीट, कॅरिअर, अर्धे मडगार्ड, आरसे. एकट्यापुरती बुटकी सीट ठेवायची, बस्स!"

"म्हंजे चांगली अर्धी गाडी कापून टाकायची, नि उरली तिला बॉबर म्हनायचं! आनि मी बाजारात कशावर जाऊ?"

"गाडी कधीपासून बंद आहे! तू रिक्षानेच जातेस ना?"

"चालू झाली तर गाडीनं जाईन ना!"

दिपेशने दातओठ खाल्ले आणि ग्राइंडर सुरू केला.

इथे त्याची एक चूक झाली. गाडी उचलून धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने ती होडीखाली घालायच्या ओंडक्यांवर चढवली. आता, कोळीवाड्यात ओंडक्यांवर चढलेली वस्तू कुणा एकाची राहत नाही! होडी डागडुजीला काढली, की येणारा-जाणारा हातभार लावूनच पुढे जातो. त्याने विचारायचं नसतं आणि मालकाने नको म्हणायचं नसतं. दिपेश सकाळी ऑफिसला जायचा आणि अंगणातून वाडीतली माणसं यायची-जायचीच.

पहिल्याच संध्याकाळी तो घरी आला, तर निम्मं कापलेलं मागचं मडगार्ड पुन्हा अख्खं! शेजारचे नाना, होड्यांची सुतारकी करण्यात ज्यांचा जन्म गेला ते, बाजूला बसून समाधानाने तंबाखू मळत होते.

"मडगार्ड तुटलं होतं बग. पत्रा जोडून दिला. आता वादळ आलं तरी हलायचं नाय."

"नाना, ते तुटलं नव्हतं! मी कापलं होतं!"

"असू दे, असू दे," नाना मायेने म्हणाले. "नवीन हात हाय. होतं असं."

दिपेशने रागारागाने ते पुन्हा कापलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी फळ्यांचं कॅरिअर आलं, बरोब्बर सरूबाईच्या पाटीच्या मापाचं! ते त्याने उखडून फेकलं आणि टाकीला मोठ्या निगुतीने काळा रंग दिला. तो वाळतो न वाळतो, तोच बाबांनी त्यावर होडीचा उरलेला निळा रंग फासला, पिवळा पट्टा ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'एकविरा कृपा'.

"बाबा! काय केलंत हे?"

"काळा रंग कोन देतं काय? काळोखात दिसनार कशी?"

आणि त्याने मोठ्या हौसेने आणलेल्या रुंद हँडलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील लटकत होते! एवढा लांब दांडा रिकामा कशाला ठेवायचा, हा सरूबाईचा सरळ हिशोब होता.

मग मात्र दिपेशच्या डोक्याची शीर तडतडली. हँडलवरचे बोंबील ओरबाडून काढत तो सबंध वाडीला ऐकू जाईल असा गरजला, "ही होडी नाही! ही गाडी आहे! माझी आहे! वाट लावलीत सगळ्यांनी मिळून! यापुढे कुणीही, कुणीही हिला हात लावायचा नाही!"

नानांनी हातोडा खाली ठेवला, हात पुसले आणि ते निघून गेले. असं कोळीवाड्यात आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं. वाडीला राग आला, आणि वाडीचा राग दिपेशच्या रागाच्या वरताण होता!

दुसऱ्या दिवशी सरूबाईने लांबूनच विचारलं, "चाय ओतलीय. कपाला हात लावला तर चालेल ना?" बाबा फाटकापाशी अडून उभे. "फाटकाला हात लावू का रे?" दिपेश धुमसत राहिला आणि एकटाच राबत राहिला. इंजिन साफ करून तेल भरलं, निळा रंग खरवडला, काळा दिला. एकट्यापुरती बुटकी सीट बसवली. गाडी साफसूफ दिसावी म्हणून पुढचा ब्रेकसुद्धा काढून टाकला. आणि खरं सांगायचं तर गाडी दिसायला लागली फर्मास! शनिवारी तिच्याकडे बघताना त्याला घटकाभर रागावायचंही सुचलं नाही.

रविवारी सकाळी ओजस आपल्या बॉबरवरून थेट वाडीत हजर! खरंच बनवलीय का, ते बघायला. दिपेशने ऐटीत किक मारली. फुस्स! पुन्हा मारली. फुस्स! मग जीव खाऊन मारली, तर किकच निखळून पायाशी पडली.

"बसस्टॉपवर सोडलं असतं रे," ओजस मोबाइलवर शूटिंग करत म्हणाला, "पण मागे सीट नाही ना!"

दिपेशच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आता ढकलूनच चालू करायला हवी होती. पण रस्त्याकडे जायची गल्ली होती चढाची, तळाला सगळी रेती. उतार होता तो फक्त बंदराकडे. जाळी वाळत घालतात तिथपर्यंत ढकलली, की इंजिन लागेल, मग वळवू, असा त्याने बेत केला. पण रेतीतून गाडी रेटायला माणसं हवी होती. माणसं होती की! ओट्यांवर रांगेने बसली होती, हात काखेत घट्ट दाबून.

"नाना... जरा हात लावता का?"

"कुनाला?"

"गाडीला."

"मोठ्यानं बोल. मागं ऐकू जात नाय."

दिपेशने अंगातला सगळा संताप घशात आणला. "गाडीला हात लावाऽऽ!"

होडी पाण्यात लोटायची असली, की मालक स्वतः अशीच हाक घालतो. हाक आली म्हणजे रुसवेफुगवे संपले! ओटे भराभर रिकामे झाले. नाना धावले, बाबा धावले, सरूबाईने लुगडं खोचलं. "हैय्याऽ हो! हैय्याऽ हो!" दिपेश सीटवर बसला होता आणि त्याच्या पाठीला निम्मी वाडी लागली होती.

आणि जाळ्यांपाशी इंजिन लागलं! धडधडलं!

"लागली! लागली! थांबा आता!"

कोण थांबतंय! होडी एकदा ढकलायला घेतली, की पाण्याला टेकेपर्यंत थांबायचं नसतं. मध्येच थांबलं, की ती मागे येते आणि माणसं चेंगरतात. मालक तर नेहमीच घाबरून ओरडतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. दिपेश ठेवणीतल्या शिव्या देत होता, वाडी त्याहून मोठ्याने "हैय्याऽ हो" करत होती. मागचा ब्रेक दाबला, तर चाक रेतीवर नुसतं घसरलं. पुढचा तर त्यानेच काढला होता!

ओहोटीच्या चिखलात बॉबर टाकीपर्यंत रुतली. इंजिनने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं. काठावर टाळ्या पडल्या. कुणीतरी नारळसुद्धा फोडला.

"अरे, पाण्यात कोण ढकलतं गाडी!" दिपेश किंचाळला.

बाबांना मनापासून नवल वाटलं. "आमी आजवर जे ढकललं, ते पान्यातच ढकललं. दुसरीकडं ढकलायची सवय नाय आमाला."

"काढा आता बाहेर!"

नानांनी पाण्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "आता नाय. भरती येऊ दे. तवर काय निघत नाय ती."

वर रस्त्यावर ओजसची बॉबर धडधडत आरेच्या दिशेने निघून गेली. उद्या ऑफिसात त्याचं शूटिंग कोणकोण बघणार, ते दिपेशला इथूनच दिसत होतं. उतरावं तर कमरेएवढा चिखल. एकट्यापुरत्या त्या सीटवर तो रागाने हँडल आवळून एकटाच बसून राहिला.

"दिपेशऽ!" काठावरून सरूबाईची हाक आली.

आईला तरी दया आली, असं त्याला वाटलं. "काय गं आई?"

"चिखलात बसलाच हायेस, तर पायाखाली बग! निवट्या असतील. कालवनापुरत्या धर!"

दिपेश संतापला. इतका संतापला, इतका संतापला, की पायाशी चिखलात उड्या मारणाऱ्या माशांतल्या पहिल्याच निवटीवर त्याने झडप घातली. चांगली मोठी होती!